शॉवर घेता घेता पाणी गार होतं? नवा गीझर आणण्याआधी बादली आणि घड्याळ घ्या

पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला चार-पाच सोसायट्यांचं प्लंबिंग आणि बारीकसारीक इलेक्ट्रिकचं काम मी बघतो. दिवाळी आटोपली, सकाळी स्वेटर बाहेर आले, की एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: "दादा, गीझर गेला वाटतं. अंगाला साबण लावलाय तोवर पाणी गार." जाऊन बघावं तर बहुतेक घरी गीझर धडधाकट असतो.

मागच्या थंडीत एका काकूंनी तर मला बोलवायच्या आधीच १५ लिटरचा गीझर काढून २५ लिटरचा लावून घेतला होता. "आता काय बिघडलं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "बिघडलं काही नाही, गार तसंच होतंय. फक्त आता जरा उशिरा होतंय." आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसली गत. दोष शॉवरमध्ये होता आणि खर्च झाला गीझरवर. हे दुखणं इतक्या वेळा बघितलंय की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेलाय. पहिल्या चार-पाच तपासण्यांना एक रुपया लागत नाही, म्हणून त्या आधी.

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ठरवा

- दोन-तीन मिनिटं कडकडीत पाणी, मग एकदम कोमट, मग गार.
- गरम पाणी यायच्या आधी पाव-अर्धी बादली गार पाणी मोरीत जातं.
- खालच्या नळाला चटका बसेल इतकं गरम, आणि वर शॉवरला मात्र कोमट.
- गीझरचा दिवा पाच मिनिटांत विझतो, किंवा तास झाला तरी विझतच नाही.
- स्वयंपाकघरात किंवा दुसऱ्या बाथरूममध्ये नळ सोडला की शॉवरचं पाणी बदलतं.
- शॉवरच्या धारा वाकड्या, एक भिंतीवर तर एक दारावर.
- माणसं तेवढीच, पण वीजबिल वाढलेलं.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर घाबरू नका. बऱ्याचदा मूळ एकच निघतं.

१. बादली आणि घड्याळ

एक लिटरच्या बाटलीने मोजून बादलीत १० लिटर पाणी घाला आणि तिथे मार्करने रेघ मारा. बादलीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, तो काठोकाठ भरल्यावरचा असतो. आता बादली शॉवरखाली ठेवा, आंघोळीला सोडता तेवढाच शॉवर सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. ५० सेकंदांत रेघ गाठली तर तुमचा शॉवर मिनिटाला १२ लिटर पाणी ओततोय. १०० सेकंद लागले तर ६ लिटर.

या एका आकड्यात निम्मं निदान आहे. डिसेंबरात सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. गीझरमध्ये ते ६० अंशांना तापतं आणि अंगावर आपल्याला ४० लागतं. म्हणजे निम्मं गरम, निम्मं गार. १५ लिटरच्या गीझरमधून असं आंघोळीजोगं पाणी मिळतं ३० लिटर. मिनिटाला १२ लिटरचा शॉवर ते अडीच मिनिटांत संपवतो. काकूंच्या २५ लिटरमधून ५० लिटर मिळालं, ते चार मिनिटांच्या थोडं वर पुरलं. हजारो रुपये घालून दीड मिनिट वाढलं. तोच शॉवर ६ लिटरवर आणला तर जुना १५ लिटरचा गीझरही पाच मिनिटं सहज काढतो, आणि मधल्या वेळात कॉइल तापतच असल्याने जरा जास्तच.

विजेचा हिशोबही याच आकड्यातून निघतो. ८६ लिटर पाणी १० अंशांनी तापवायला एक युनिट लागतं. गीझर कुठल्याही कंपनीचा घ्या, यात फरक पडत नाही. २० चं ४० करायचं, आठ मिनिटांची आंघोळ: १२ लिटरच्या शॉवरला ९६ लिटर पाणी आणि सव्वादोन युनिटं. ६ लिटरच्या शॉवरला ४८ लिटर आणि १.१ युनिट. चार माणसांच्या घरात महिन्याला हा फरक १३० युनिटांच्या वर जातो. तुमच्या बिलावरच्या दराने गुणून बघा. पाण्याच्या बाजूने बघायचं तर शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, त्यातले ९६ एका आंघोळीत गेले.

२० लिटरच्या बादलीला अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते. आमच्या गावी तांब्याचा बंब होता. घंगाळात काढलं तेवढंच पाणी, ते संपलं की आंघोळ संपली. शॉवरला तो तळ दिसत नाही, एवढाच फरक. शॉवर सोडून द्या असं मी म्हणत नाही, मी स्वतः शॉवरच घेतो.

आकडा ९-१० च्या वर आला तर शॉवरच्या मानेत बसणारी, मधे बारीक भोक असलेली चकती मिळते ती टाका, किंवा मिनिटाला ६-८ लिटरचा शॉवर बसवा. तेही नको असेल तर गरम आणि गार दोन्ही अँगल कॉक (पाइप भिंतीतून बाहेर येतो तिथले छोटे कॉक) सारखेच थोडे थोडे आवळा. फक्त एकच आवळलात तर पाणी जुळवता जुळवता नाकी नऊ येतील आणि तेवढ्या वेळात आणखी पाणी जाईल.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी मात्र चकती टाकू नये. १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रेशर मिळतं, आणि तुमच्या डोक्यावर टाकी असते जेमतेम तीन-चार मीटर. तिथे चकती टाकली की नुसतं ठिबक उरतं. तिथे ताटाएवढा रेन शॉवर काढून लहान तोंडाचा साधा शॉवर लावणं बरं.

इन्स्टंट गीझरवाल्यांसाठी इथेच सांगून टाकतो. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर २० चं ४० करत मिनिटाला दोन लिटरच्या जरा वर पाणी देतो. त्यावर ६ लिटरचा शॉवर चालवला तर पाणी जेमतेम ७ अंशांनी तापेल. तो बिघडलेला नाही, तो बादलीसाठीच आहे. त्याच्यावर शॉवर जोडून देणाऱ्याला दोन शब्द ऐकवा, गीझरला नको.

२. शॉवरचं तोंड

बादलीत आकडा ४ च्याही खाली आला, किंवा धारा वाकड्या उडत असतील, तर तोंड काढा. कपडा गुंडाळून पान्याने सोडवा, म्हणजे क्रोमवर ओरखडे पडत नाहीत. आत जाळी असते. खडकवासल्याचं पाणी येतं त्या इमारतींत ती बऱ्यापैकी स्वच्छ निघते. बोअर आणि टँकरवाल्या इमारतींत मी ती काढली की हातावर पांढरी, चुन्यासारखी खर पडते आणि तिच्यात टाकीतली वाळू. सगळं रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून बुडवून ठेवा आणि सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. टाचणीने भोकं मोठी करू नका, धार आणखी वाकडी होते.

याचा विजेशी संबंध आहे. धार नीट नसली की अंग धुवायला वेळ जास्त लागतो, आणि माणूस नकळत कॉक आणखी उघडतो.

३. गीझरकडे नुसतं बघा

हात लावायचा नाही, बघायचं. गार पाणी आत घेणाऱ्या तोंडाला निळी खूण असते, गरम बाहेर सोडणाऱ्याला लाल. टाइल्सचं किंवा रंगाचं काम झालं की कोणीतरी गीझर उतरवतो आणि परत चढवताना पाइप उलटे लावतो. टाकीत गार पाणी तळाशी सोडलं जातं आणि गरम पाणी अगदी वरून नळीने उचललं जातं. जोडणी उलटी झाली की हे सगळं वर-खाली होतं: क्षणभर गरम, मग कोमट. 'घर रिनोव्हेट केल्यापासून असं होतंय' हे वाक्य ऐकलं की मी सरळ रंग बघायला जातो.

मग दिवा. १५ लिटर, २ किलोवॅट, २० चं ६०: हिशोबाने २१ मिनिटं, प्रत्यक्षात पंचविसेक. पाच-सात मिनिटांत दिवा विझत असेल तर थर्मोस्टॅटची, म्हणजे तापमान ठरवणारी, चकती कमी आकड्यावर आहे, किंवा थर्मोस्टॅटच दमलाय. पाऊण तास झाला तरी विझत नसेल तर कुठूनतरी गरम पाणी निसटतंय. व्होल्टेज कमी असलं तरीही वेळ लागतो, १९० व्होल्टला २ किलोवॅटची कॉइल जेमतेम १.४ किलोवॅट देते.

थर्मोस्टॅटची चकती ६० च्या आसपास ठेवा. ७५ वर ठेवून गार पाणी मिसळत बसण्यात फायदा नाही. टाकीच्या भिंतीतून जास्त उष्णता जाते आणि क्षाराचा थर लवकर धरतो. ५० च्या खालीही नेऊ नका, साठलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढतात. आणि आंघोळीआधी अर्धा तास बटण लावा, दिवसभर नको.

४. गार पाणी चोरवाटेने येतंय का

ही तपासणी फारशी कोणी करत नाही, आणि मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडतं.

आधी गीझरचं बटण बंद. मग गीझरच्या निळ्या बाजूचा, म्हणजे गार पाणी आत सोडणारा कॉक पूर्ण बंद करा. आता शॉवरच्या मिक्सरचा (गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा) फक्त गरम नळ उघडा. गीझरमधून गरम पाणी बाहेर येतं ते मागून गार पाणी ढकलतं म्हणून. ढकलणारं बंद केलं की काही क्षणांत धार थांबली पाहिजे. थांबली तर सगळं ठीक. कॉक उघडा आणि पुढच्या तपासणीकडे जा.

धार चालूच राहिली तर ते पाणी गीझरमधून येतच नाहीये. कुठल्यातरी मिक्सरच्या पोटातून गार पाणी गरम पाइपात घुसतंय. गीझर इमानदारीत पाणी तापवतो, पण शॉवरपर्यंत पोचेतो त्यात गार मिसळलेलं असतं. मग आपण कॉक आणखी उघडतो, जास्त वेळ उभे राहतो, आणि गीझरला नावं ठेवतो.

काकूंकडे हेच निघालं. मिक्सरला हँड शॉवर जोडलेला, त्याच्या मुठीवर बंद करायचं बटण. नातवाची आंघोळ झाली की त्या मुठीवरचं बटण दाबून तो आकड्याला अडकवायच्या आणि भिंतीवरचे दोन्ही नळ तसेच उघडे राहायचे, कारण 'पाणी जुळवलेलं असतं ना, परत कोण जुळवणार!' बाहेर थेंब पडत नव्हता. आत मात्र गार आणि गरम पाइप एकमेकांना मिळालेले, आणि जिकडे प्रेशर जास्त तिकडून पाणी दुसरीकडे. गीझरचा दिवा लागून बराच वेळ झाला होता. त्यांना गीझरखालच्या लाल बाजूच्या पाइपाला बोट लावायला सांगितलं. "अगं बाई, हा तर गारच!" दोन्ही नळ भिंतीवर बंद केले, दहा मिनिटांत शॉवर ताळ्यावर आला. पैसे कशाचे घ्यायचे ते मला कळेना. शेवटी शॉवरच्या मानेत चकती टाकून दिली आणि तिचे घेतले.

नळ सगळे बंद असूनही पाणी येतच असेल तर मिक्सरमधला स्पिंडल (नळ फिरवल्यावर आत पाणी अडवणारा भाग) किंवा एकदांडी मिक्सरची कार्ट्रिज (तेच काम करणारा आतला गोळा) झिजलीय. घरातल्या मिक्सरांचे अँगल कॉक एकेक करून बंद करत जा. ज्याच्या बंद होण्याने धार थांबली, तो चोर. स्पिंडल घरी बदलता येतो, कार्ट्रिज त्याच कंपनीची आणि त्याच मापाची लागते, म्हणून जुनी काढून दुकानात घेऊन जा.

याच्या उलटही होतं. गीझरच्या गार तोंडावरचा एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह अडकला की गरम पाणी मागे गार लाइनमध्ये पसरतं. एका घरी कमोडच्या टाकीत कोमट पाणी सापडलं. ते घर दररोज फ्लशचं पाणी विजेवर तापवत होतं.

५. रात्रीचं भांडं

गरम नळ आणि शॉवरखाली रात्री पातेली ठेवा, सकाळी मोजा. लिटरभर जरी साठलं तरी ते तापवलेलं पाणी आहे. वॉशर बदला.

गीझरखालचा सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र वेगळा. पाणी तापताना फुगतं. १५ लिटरमागे साधारण २०० मिली. तेवढं तापताना त्यातून ठिबकलं तर तो त्याचं काम करतोय. गीझर बंद असतानाही सतत ठिबकत असेल तर प्रेशर जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह गेलाय. त्याला एम-सील लावून किंवा बूच ठोकून बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. असं कधीही करू नका. थर्मोस्टॅट अडकला तर वाफेला तेवढीच एक वाट असते.

६. गरम यायच्या आधीचं पाणी

हा बिघाड नाही, पाइपाची लांबी आहे. अर्ध्या इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लास्टिक) पाइपात मीटरमागे साधारण १२० मिली पाणी मावतं, पाऊण इंचीत २६०, एक इंचीत ४३०. गीझर बाथरूममध्येच असेल तर वाया जाणारं पाणी तांब्या-दोन तांब्ये. पण गच्चीवर सोलर आणि तिथून ३० मीटर एक इंची पाइप असेल तर रोज सकाळी १३ लिटर गार पाणी आधी बाहेर काढावं लागणार. काळा फोम गुंडाळून फायदा होतो, पण तो एकामागून एक आंघोळी असतील तरच. रात्रभर थांबलेलं पाणी फोममध्येही गार होतं. म्हणून आंघोळी लागोपाठ करा आणि पहिलं पाणी बादलीत धरा, फरशी पुसायला जातं. खालच्या मजल्यांची लाइन लांब म्हणून तिथे गार पाणी जास्त वाया जातं, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये पटवून द्यायला मात्र मला अजून जमलेलं नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

वरचं सगळं होऊनही पाणी तापतच नसेल, तापायला दुप्पट वेळ लागत असेल, किंवा टाकीतून किटलीसारखा खदखद आवाज येत असेल, तर कॉइलवर क्षार बसलाय किंवा कॉइल गेलीय. गीझर उघडायचं काम घरी करू नका. आत २३० व्होल्ट आहेत आणि बाहेर ओली फरशी. टेक्निशियन आला की त्याला मीटर लावून दाखवायला सांगा: २ किलोवॅटच्या कॉइलला २६ ओहमच्या आसपास दाखवलं तर कॉइल ठीक, तिला नुसती साफ करायची. ३ किलोवॅटची असेल तर साडेसतरा. तोच उघडलाय तर मॅग्नेशियमचा रॉडही बघून घ्या. तो झिजण्यासाठीच असतो, संपला की टाकी गंजायला लागते.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर एकही तपासणी न करता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करा: नळाला किंवा पाण्याला हात लावल्यावर मुंग्या येणं, एमसीबी किंवा आरसीसीबी (जास्त करंट किंवा गळती झाली की वीज तोडणारे स्विच) वारंवार पडणं, जळका वास, प्लगची पिन तपकिरी होणं. २ किलोवॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तो ६ अँपिअरच्या सॉकेटला लावलेला मी अजूनही बघतो. अशा एका घरी प्लग ओढला तर सॉकेटचं प्लास्टिक पिनला चिकटून बाहेर आलं. पडलेला एमसीबी पुन्हा पुन्हा वर करू नका, तो कशामुळे पडतोय ते शोधू द्या. भिंतीला गीझरच्या मागे ओल असेल तर प्लंबर, कारण कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतला, पाइप फुटला असेल तर टाइल फोडावी लागते.

गॅस गीझरला तर माझे हे प्रयोग करूच नका. एक गोष्ट ध्यानात असू द्या: शॉवरचं पाणी फार कमी केलं तर तो पेटत नाही, पाण्याच्या जोराशिवाय त्याचा गॅस सुटतच नाही. न पेटण्याचं दुसरं साधं कारण संपलेले सेल. बाकी सगळं कंपनीच्या माणसाकडे. आणि गीझर बंद बाथरूमच्या आत लावलेला असेल तर आजपासून वापरायचा बंद करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होऊन चक्कर येते आणि माणूस कडी उघडेपर्यंतही उभा राहत नाही.

फोन करताना एवढं सांगा: गीझर किती लिटरचा, किती किलोवॅटचा, दिवा किती मिनिटांनी विझतो, बादलीची रेघ किती सेकंदांत भरते, आणि कॉक बंद केल्यावर धार थांबली की नाही. मला या पाच गोष्टी फोनवर कळल्या तर पिशवीत काय घालून निघायचं ते कळतं, आणि तुमची दुसरी चक्कर वाचते.